डोळ्याला दिसतं, हाताला उतरत नाही

मैत्रिणींनो,

गेल्या महिन्यात हिंगणघाटहून एका वाचक भगिनीचे पत्र आले. तिची परवानगी घेऊन त्यातला थोडा भाग इथे देते.

‘‘मुलगा तिसरीत आहे. बोलण्यात तरबेज. वाण्याकडे पाठवला तर पाच जिनसांचा हिशेब तोंडी करून उरलेले पैसे बरोबर आणतो. शाळेत ऐकलेली गोष्ट रात्री आजीला रंगवून सांगतो. पण वही उघडली की दुसराच मुलगा! फळ्यावरच्या दहा ओळींपैकी तीन उतरवतो, त्यातही काना एकीकडे नि मात्रा दुसरीकडे. ३ लिहायला सांगितला तर ६ लिहितो. बाईंचा शेरा ठरलेला, ‘निष्काळजी. घरी लक्ष द्यावे.’ सासूबाई म्हणतात, ‘पोट्टं लाडानं बिघडलं.’ डोळे तपासले, नंबर नाही. म्हणून मी रोज संध्याकाळी एकेक पान पाच-पाच वेळा लिहून घेते. शेवटी तोही रडतो नि मीही. परवा त्याने वही पाण्याच्या टाकीत टाकली. ताई, माझा मुलगा आळशी आहे की त्याच्यात काही कमी आहे?’’

या भगिनीला मी लगेच उत्तर पाठवले. पण अशी पत्रे पूर्वीही आली आहेत, आणि ज्यांनी लिहिले नाही अशा कितीतरी घरांत संध्याकाळी हाच तमाशा चालू असतो. म्हणून आज सगळ्यांसाठीच लिहिते.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. तुमच्या पत्रावरून तरी दोन्ही नाही. जो मुलगा पाच जिनसांचा हिशेब तोंडी करतो तो मंद नाही. आणि जो रोज तासभर रडत का होईना पाच-पाच पाने लिहितो, त्याला आळशी कोण म्हणेल? आळशी मूल इतके कष्ट करत नाही.

मेळ बसणे म्हणजे काय

पायमशीन शिकतानाचे दिवस आठवा. कापडावरची खडूची रेघ डोळ्याला स्पष्ट दिसत होती. शिवण कुठून न्यायची तेही ठाऊक होते. हात धड होते, पाय धड होते. तरी चाक उलटे फिरायचे, दोरा तुटायचा, आणि शिवण खडूची रेघ सोडून भलतीकडेच जायची. तेव्हा आपले डोळे वाईट होते का? नाही. हात लुळे होते का? तेही नाही. डोळा, हात आणि पाय यांचा मेळ बसायचा होता, इतकेच. तो बसल्यावर आपण गप्पा मारत मारत झबली शिवू लागलो.

लिहिण्याचेही तसेच आहे. मुलाने फळ्यावरचा ‘क’ पाहिला. आता त्याची उभी रेघ कुठे, गोल कोणत्या बाजूला, शेपटी कोणत्या बाजूला, हे ध्यानात धरायचे. मान खाली घालायची. वहीत आपली ओळ शोधायची. मागच्या अक्षरापासून किती जागा सोडायची ते ठरवायचे. पेन्सिल किती दाबायची, कुठे वळवायची आणि कुठे थांबवायची, हे बोटांना कळवायचे. मग पुन्हा मान वर करून फळ्यावर आपण कुठे होतो ते शोधायचे. तुमच्या-माझ्या हाताला हे सगळे आपसूक होते. ज्या मुलाचा मेळ बसलेला नाही त्याला प्रत्येक अक्षराला नव्याने मशीन शिकावी लागते. इतर मुलांच्या दहा ओळी होतात तोवर याच्या तीन होतात, आणि त्या तीन ओळींतच तो थकून जातो.

डॉक्टर मंडळी याला व्हिज्युअल-मोटर इंटिग्रेशनची अडचण म्हणतात. आपण साध्या भाषेत डोळ्या-हाताच्या मेळाची अडचण म्हणू. यात तीन गोष्टी असतात. डोळ्याने स्वच्छ दिसणे ही एक. दिसलेल्या गोष्टीचा आकार, दिशा आणि जागा मेंदूला उमगणे ही दुसरी. हाता-बोटांची ताकद आणि सफाई ही तिसरी. या तिन्ही ठीक असूनही त्यांची सांगड घालण्यात कच्चेपणा राहू शकतो. म्हणूनच ‘नंबर नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका. चष्म्याच्या तक्त्यावरून किती बारीक दिसते ते समजते. दिसलेले कागदावर कसे उतरते ते समजत नाही.

आणि आपली देवनागरी या मुलांची चांगलीच परीक्षा पाहते. अक्षराला वर शिरोरेषा, पुढे काना, मागे वेलांटी, खाली उकार, डोक्यावर मात्रा. घ आणि ध, भ आणि म यांच्यात फरक केवढा, तर चिमूटभर. ३ आणि ६ तर एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेली भावंडे! भांडकुदळ माणसांत ‘छत्तीसचा आकडा’ आहे असे आपण त्यावरूनच म्हणतो. पहिलीतल्या मुलाने हे दोन आकडे उलटसुलट केले तर मुळीच घाबरू नका, त्या वयात पुष्कळ मुले करतात. तिसरी आली तरी तेच चालू असेल आणि जोडीला बाकीच्या खुणाही दिसत असतील, तर मात्र लक्ष घालायला हवे.

कशावरून ओळखावे

आकार पाहून काढणे मुलाला पायरीपायरीने जमत जाते. साधारण तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्याच्या सुमारास अधिकचे चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन, पाच-साडेपाचला त्रिकोण, आणि शंकरपाळ्याचा तिरपा आकार सहा-सातच्या पुढे. हे ढोबळ अंदाज आहेत. मूल काही पंचांग पाहून वाढत नाही. असेच सोप्याकडून अवघडाकडे जाणारे आकार उतरवायला लावून मेळ तपासण्याची कीथ बीरी यांची चाचणी अमेरिकेत १९६७ साली प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या तज्ज्ञ आजही वापरतात. पण ते तज्ज्ञांचे काम. घरी चौकोन काढायला लावून निकाल देऊ नका.

घरी पाहायचे ते असे. शर्टाची गुंडी, बुटाची नाडी अजून तुम्हालाच बांधावी लागते का? तांब्यातून पेल्यात पाणी ओतताना निम्मे बाहेर जाते का? कात्रीने सरळ कापता येत नाही, चेंडू झेलता येत नाही, रंगाची पेटी नवीकोरी पडून राहते, असे आहे का? पेन्सिल इतकी दाबतो का, की पुढच्या पानावर वळ उठतात? लिहिताना दुसऱ्या हाताने वही धरायला विसरतो का? बेरीज तोंडी बरोबर, पण वहीत एककाखाली दशक गेल्याने उत्तर चुकते का? यातले एखादे लक्षण कुठल्याही मुलात सापडेल. चार-सहा एकत्र दिसत असतील आणि महिनोन्‌महिने टिकून असतील, तर दखल घ्या. कमी दिवसांचे किंवा फार कमी वजनाचे जन्मलेले मूल असेल तर जरा लवकर लक्ष द्या. त्यांच्यात ही अडचण अधिक आढळते.

आणि मुलींच्या आयांनो, तुमच्यासाठी वेगळे सांगते. मुलगा वही फेकतो म्हणून त्याची अडचण घराला दिसते. मुलगी पुष्कळदा गुपचूप मान खाली घालून बसते नि शेजारणीचे पाहून उतरवते. तिला रांगोळी जमत नाही, वेणी घालता येत नाही, म्हणून ‘पोरीच्या जातीला एवढंही येऊ नये?’ असे आपणच बोलतो. तिच्या हाताकडेही याच नजरेने पाहा.

माझी चूक

आता उपदेश करणारी मी कोण, तर हेच सगळे करून चुकलेली एक आई. माझा धाकटा असाच होता. त्याला पाढे तोंडपाठ, पक्ष्यांची नावे तोंडपाठ, आणि वही म्हणजे कोंबडीने पाय उमटवल्यासारखी. मी रोज त्याच्याशेजारी खोडरबर घेऊन बसायची. त्याने ओळ लिहिली की मी पुसायची, ‘पुन्हा लिही’ म्हणायची. चौथ्या वेळेला कागद फाटायचा, मग माझा हात सुटायचा. मला वाटायचे, मी कर्तव्य करते आहे. पुढे त्याचे पोट दुखू लागले. रविवारी नाही, सुट्टीत नाही, बरोबर शाळेच्या दिवशी सकाळी. पोटाची औषधे झाली. अखेर एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्याला माझ्यादेखत एक चौकोन काढायला दिला. त्याने काढलेल्या चौकोनाचे चारही कोपरे उघडे राहिले. मग त्यांनी त्याला विचारले, ‘हा त्याच्यासारखा झाला का रे?’ तो म्हणाला, ‘नाही. मला दिसतंय, पण हात तिथे जात नाही.’

इतके दिवस मी त्याला एकदाही विचारले नव्हते.

तो आता मोठा झाला, कमावता झाला. अक्षर अजूनही बेतास बात. त्याने लिहिलेली यादी दिली तर दुकानदार फोन करून विचारतो. एकदा जुन्या गोष्टी निघाल्या तेव्हा मला वाटले, मारलेल्या धपाट्यांबद्दल बोलेल. ते त्याच्या ध्यानातही नव्हते. तो म्हणाला, ‘आई, तू माझं लिहिलेलं सगळं पुसायचीस.’

मैत्रिणींनो, अक्षर कसेही निघाले तरी संसार चालतो. पण आपण केलेले सगळे पुसण्याच्याच लायकीचे असते, हे एकदा मुलाच्या मनात बसले की ते काढायला फार वर्षे लागतात. म्हणून इतके कळकळीने लिहिते आहे.

आपल्या वर्ध्याचाच धडा

खरे तर हात आधी, अक्षर मागून, हा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. गांधीजींचे स्वतःचे अक्षर वाईट होते आणि त्याची त्यांना खंत होती. आत्मकथेत त्यांनी ती मोकळेपणाने सांगितली आहे. मुलाने फुले, पक्षी पाहावेत तशी आधी अक्षरे पाहून ओळखावीत, चित्र काढायला शिकावे, आणि मग लिहावे, असे त्यांचे मत झाले होते. पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिथून नई तालीमची वाट निघाली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला, आणि सेवाग्रामला आशादेवी व आर्यनायकम्‌ या दांपत्याने तो प्रत्यक्षात आणला. हातात टकळी, मातीत काम, आणि त्या कामातून हिशेब नि भाषा. सेवाग्रामच्या आवारात २००५ पासून आनंद निकेतन ही शाळा त्याच वाटेने चालते आहे.

ती योजना काही खास या अडचणीच्या मुलांसाठी नव्हती. पण एक गोष्ट तिने ओळखली होती. हाताला काम मिळाले की मूल शिकते. आणि वहीत नापास ठरणारे मूल दुसऱ्या एखाद्या कामात हुशार ठरू शकते. आपल्या घरात तर अशा कामांना तोटा नाही.

घरी काय करता येईल

पहिले म्हणजे हाताला खुराक द्या. कापसाच्या वाती वळणे हा बोटांसाठी उत्तम व्यायाम आहे, आणि कापसाला आपल्याकडे काय कमी? तुरीच्या ओल्या शेंगा सोलणे, कणकीचे छोटे गोळे करणे, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणे, डब्यांची फिरकीची झाकणे उघडणे, तांब्यातून पेल्यात पाणी ओतणे. तान्हा पोळा आला की लाकडी नंदी सजवायला मुलाच्याच हाती द्या. सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यातले भलेथोरले नंदी त्याने पाहिले असतील, तर उत्साहाने रंगवील. रंग शिंगाबाहेर गेला तर जाऊ द्या. घरात रांगते मूल असेल तर दाणे-मणी मात्र त्याच्या हाताशी ठेवू नका.

पण एक लक्षात ठेवा. नुसत्या वाती वळून अक्षर सुधारत नाही. या कामांनी बोटे सुधारतात, धीर येतो. पोहायला शेवटी पाण्यातच उतरावे लागते, तसे लिहायला लिहावेच लागते. फक्त ते थोडे, रोज आणि शिस्तशीर हवे. रोज दहा मिनिटे पुरे. रडू यायच्या आत थांबायचे. पाच पानांपेक्षा पाच नीट अक्षरे मोलाची.

अक्षर मोठ्याकडून लहानाकडे न्या. ताटात रवा किंवा बारीक वाळू पसरा आणि बोटाने हातभर मोठे अक्षर काढायला लावा. सुताराच्या पॉलिश पेपरचे अक्षर कापून पुठ्ठ्यावर चिकटवा; त्यावरून बोट फिरवले की वळण हाताला कळते. ही युक्ती माँटेसोरीबाईंची. मग पाटी. पाटीवर पेन्सिल किंचित अडते, त्यामुळे बोटांना अंदाज येतो, आणि चुकले तर मुलाला स्वतःच पुसता येते. शेवटी रुंद ओळींची वही.

अक्षर काढताना तोंडाने वाट सांगायला शिकवा. ‘व’ काढायचा तर ‘डावीकडे गोल पोट, मग उभी रेघ वरून खाली, मग डोक्यावर टोपी.’ डोळा चुकला तरी कान सावरून घेतो. एका आठवड्यात सारख्या वळणाची दोन-तीनच अक्षरे घ्या. घ आणि ध एकाच दिवशी शिकवू नका.

बसण्याकडे पाहा. खुर्चीवर बसल्यावर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. खाली बसून लिहीत असेल तर पूर्वी पेढीवर मुनीमजींची असे तशी उतरती डेस्क द्या. एखाद्या फळीखाली मागच्या बाजूने दोन पुस्तके सारली तरी काम होते. पेन्सिल आखूड द्या, बोटभर लांबीची. लांब पेन्सिल मुले मुठीत धरतात. आखूड तुकडा आपोआप चिमटीत येतो. आणि मूल डावखुरे असेल तर हात बदलायला लावू नका. एका अडचणीवर दुसरी कशाला? वही किंचित उजवीकडे कलती ठेवा म्हणजे लिहिलेले त्याला दिसेल.

गणितासाठी चौकटीची वही घ्या, एका चौकटीत एकच आकडा. ती नसेल तर रेघी वही आडवी धरा. आडव्या रेघा उभ्या होतात आणि एकक-दशकाचे रकाने आयते मिळतात. वाचून उतरवायचे असेल तर जुन्या पत्रिकेच्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापून ती पुस्तकावर सरकवत न्या. ओळ हरवत नाही.

आणि खोडरबर आपल्या हातात घेऊ नका! त्याऐवजी ओळ संपली की त्यालाच विचारा, ‘यातलं तुला कुठलं बरं जमलं असं वाटतं?’ ते अक्षर त्याने स्वतः गोल करायचे. चूक दाखवायला जग बसलेलेच आहे.

शाळेत काय बोलावे

बाईंशी भांडायला जाऊ नका. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात त्यांना समोर वही दिसते, वहीमागचे कष्ट दिसत नाहीत. ते आपण दाखवायचे. ‘बाई, तो आळस करत नाही, त्याला उतरवून घ्यायला वेळ लागतो,’ एवढे शांतपणे सांगा आणि चार साध्या गोष्टी मागा. त्याला फळ्यासमोर पुढच्या बाकावर बसवावे. लांबलचक मजकूर फळ्यावरून उतरवून घेण्याऐवजी शक्य तेव्हा कागद शेजारी ठेवून लिहू द्यावे. दहा उदाहरणांऐवजी पाच चालवून घ्यावीत. आणि त्याला येते की नाही हे कधीमधी तोंडी विचारून पाहावे. मूल काय जाणते आणि ते कसे लिहिते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांना एकाच पारड्यात घालू नये.

घरीही हेच. परिसर अभ्यासाचे उत्तर त्याने सांगावे, तुम्ही लिहावे. त्यात लबाडी नाही. त्या वेळी परीक्षा परिसर अभ्यासाची आहे, अक्षराची नाही. अक्षराची दहा मिनिटे वेगळी.

कुणाला दाखवावे

आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पूर्ण तपासणी, मग बालरोगतज्ज्ञ. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात, जिथे १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय उभे केले, आणि सावंगी मेघेच्या रुग्णालयात मुलांचे विभाग आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीची सोय आहे. पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा येतात. पथक आले की ‘आमच्या मुलाचा हात-डोळा पाहा’ असे मुद्दाम सांगा. पुढचा मार्ग वर्ध्याच्या सामान्य रुग्णालयात विचारता येईल.

या अडचणीवर प्रत्यक्ष मेहनत घेतात ते ऑक्युपेशनल थेरपिस्ट. नाव ऐकून दचकू नका. रोजची कामे करता यावीत म्हणून हातांना, शरीराला वळण लावणारी ही विद्या आहे. ती आपल्याकडे रुजवली एका बाईनेच. अमेरिकेत जन्मलेल्या आणि मराठी घरात सून म्हणून आलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विषयाची शाळा सुरू केली. आज नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हा विषय शिकवतात. वर्ध्याहून नागपूर काही दूर नाही. सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येते. जाताना मुलाच्या दोन-चार वह्या बरोबर न्या, आणि त्याने काढलेली चित्रेही. घरी करायचे व्यायाम विचारून, लिहून आणा.

मूल आठ वर्षांचे होऊनही लिहिणे-वाचणे फारच अडत असेल, तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. मेळाची अडचण असलेल्या प्रत्येक मुलाला याची गरज पडते असे नाही. पण पडलीच तर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून मागे राहू नका. चष्मा लावायला आपण लाजतो का?

शेवटी हिंगणघाटच्या भगिनीला

ताई, पाच-पाच वेळा लिहून घेणे आजपासून बंद करा. टाकीत टाकलेल्या वहीबद्दल त्याला एकदाही बोलू नका. नवी वही आणा. पहिल्या पानावर त्याला हवे ते चित्र काढू द्या. सासूबाईंना विरोधात घेऊ नका, बरोबर घ्या. रोज संध्याकाळी आजी-नातवाने मिळून देवाच्या वाती वळायच्या, असे काम दोघांना लावून द्या. बोटांचा व्यायामही होईल, आणि ‘बिघडलेलं पोट्टं’ किती मन लावून बसते हे त्यांनाच दिसेल.

आणि लगेच निकालाची वाट पाहू नका. पंधरवड्यात मोत्यासारखे अक्षर कुणाचेच होत नाही. महिने लागतील. त्याची वही कदाचित कधीच वर्गात फिरवून दाखवण्यासारखी होणार नाही. पण संध्याकाळी वही काढताना त्याचा चेहरा पडणार नाही, एवढे झाले तरी पुष्कळ झाले असे समजा. बाकीचे हळूहळू येते.

तुमच्यापैकी कुणी अशा मुलाला हाताशी धरून शिकवले असेल, तर काय उपयोगी पडले ते जरूर कळवा. एकीची युक्ती दुसरीच्या कामी येते. आमच्या काळी कुणी सांगितले असते तर, असे मला अजून वाटते. तुमच्यावर तरी ती वेळ येऊ नये.

तुमची,
ताई